जावेचा नवा कॅमेरा

माझ्या जावेबद्दल सांग म्हणता, तर सांगते. पण ग्वाड ग्वाड सांगेन असं समजू नका. पुनम तिचं नाव. धाकट्या दिराची बायको. ती ह्या घरात आल्यापासून माझ्या जिवाला चैन न्हाई, अन् तिनं माझं वाईट तर काहीच केलेलं न्हाई. केलं असतं तर बरं झालं असतं. एकदा तोंडभरून भांडले असते अन् मोकळी झाले असते. पण ही बया भांडतच न्हाई! मी आवाज चढवला की "व्हय ताई" म्हणती अन् गुमान भांडी घासायला बसती.

कळमनुरीला नांदेडच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ हाय. माझे मालक धम्मानंद अन् दीर सुमेध, दोघं भाऊ चालवतात. पण दुकानाचं निम्मं नाव माझ्यामुळं हाय, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. गावात मुसलमानांची जुनी घरं पुष्कळ. त्यांच्या लग्नात बायकांची बाजू वेगळी, मधी कनात लावलेली. कनातीच्या आत घरचे पुरुष पाय टाकत न्हाईत, मंग फोटोवाला तर लांबच राहिला. आतले फोटो काढायला बाईच पाहिजे. ती बाई म्हणजे मी, साक्षी.

आत बायका बुरखे काढून, नटूनथटून, मोकळ्या हसत बसलेल्या असतात. म्हणून आमच्यात अन् त्यांच्यात एक कायदा ठरलेला हाय. लग्न उरकलं की कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्या घरच्या थोरल्या बाईच्या हातात द्यायचं. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी जायचं, तिच्या शेजारी बसून फोटो निवडायचे, अन् छापायचे तेवढे मी स्वतः दुकानाचं दार लावून छापायचे. आमच्या ह्यांनीसुद्धा आजवर त्यातला एक फोटो बघितलेला न्हाई. हा कायदा खतीजाबीनं घालून दिला. बांगडीवाल्यांच्या घरची ती थोरली. तिनं मान हलवली की गावातली बाकी घरं मला बोलावतात. तिनं तोंड फिरवलं तर आमच्या दुकानाच्या बाईला कुणी दारात उभं करणार न्हाई.

लग्न होऊन आले तवा मी कॅमेरा मागितला, तर घरात हसायला लागले. सासूबाई म्हणल्या, "बाईमाणसाला कशाला पाहिजे गं?" मंग नांदेडला एकाचं दुकान बंद पडत होतं, त्याच्याकडून ह्यांनी वापरलेला एक कॅमेरा आणला अन् माझ्या पुढ्यात ठेवला. त्याच्या मुठीचं रबर निघालेलं, मी डिंकानं चिकटवलं. लेन्सच्या कड्यात कुणाच्या तरी हळदीची हळद बसलेली, ती आजपर्यंत निघाली न्हाई. मागचा पडदा इतका अंधुक की काढलेला फोटो कसा आला ते घरी गेल्यावरच कळायचं. बॅटरी तर अशी नखरेल, नवरीनं मान वर केली की हिनं मान टाकलीच. आठ वर्सं मी त्याला शिव्या घालत काम केलं. नवा घ्या म्हणलं की ह्यांचं एकच, "चालून राहिलाय ना? मंग?"

अन् मंग आली पुनम.

कुरुंद्याची पोरगी. बाप हळदीच्या कामाला जायचा, मायबी जायची, हिनंबी हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली. आली तवा नखं पिवळी होती. काच फुटलेला एक मोबाईल होता तिच्यापाशी, त्यात कुरुंद्याचे फोटो. वाळत घातलेल्या हळदीच्या कडंला टेकून झोपलेल्या बाया. भाकरीचा घास तोंडात घालता घालता काहीतरी आठवून थांबलेली एक म्हातारी. सुमेधभाऊजींनी ते फोटो सगळ्यांना दाखवले. आमचे हे दोन-दोनदा बघून म्हणले, "पोरीची नजर लई चांगली हाय." आठ वर्सांत माझ्या नजरेबद्दल त्या माणसाच्या तोंडून शब्द निघाला न्हाई. त्या दिवशी माझी पोळी तव्यावर करपली अन् मी ती ह्यांच्याच ताटात वाढली.

हिच्या कामाची तऱ्हा सांगते. कुठं गेली की आधी बसती. चहा पिती. म्हाताऱ्या बायांपाशी जाऊन, कुठल्या तुमी, लेकरं किती, गुडघे दुखतात का, असलं बोलत राहती. कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेती. फोटोबिटो नंतर. मी तिला सोबत न्यायला लागले तवा दरवेळी वाटायचं, हिच्या पाठीत धपाटा घालावा. मी हिकडं घामाघूम होऊन पळून राहिले अन् ही तिकडं माहेरी आल्यासारखी पाय पसरून बसलेली. कामचुकार कुठली! अन् बाया मात्र जाताना माझ्याऐवजी तिला म्हणायच्या, "फिर आना बेटी."

लग्नसराईत एका दिवशी दोन-दोन बोलावणी यायला लागली. सुमेधभाऊजी म्हणले, "पुनमला आता तिचा कॅमेरा पाहिजे." झालं. नवा घ्यायचा का वापरलेला, यावर घरात बैठक बसली. अन् पहिल्यांदा, बघा, ह्या घरात कॅमेऱ्याबद्दल मला इचारलं गेलं. तेबी तिच्या कॅमेऱ्याबद्दल.

मी काय म्हणले ते ऐका. म्हणले, "शिकणाऱ्याला वापरलेलाच बरा. हातून पडला-झडला तर जीव जात न्हाई. वाचलेल्या पैशात लेन्स चांगली येती, अन् लेन्स आयुष्यभर राहती. हात बसू द्या, मंग घ्या नवा." यात एक शब्द खोटा न्हाई. कुठल्याही जाणत्या फोटोवाल्याला इचारा, तो हेच सांगेल. पण मी ते कशापायी बोलत होते ते माझं मला ठाऊक. मला आठ वर्सं जुना, अन् हिला आल्या आल्या खोक्यातला करकरीत? माझं पोट दुखून राहिलं होतं, बस्स, दुसरं काय न्हाई.

सगळे मिळून नांदेडला गेलो. दुकानदारानं दोन कॅमेरे पुढं ठेवले. एक वापरलेला, एक नवा. वापरलेल्यात खोट निघाली तर माझाच मुद्दा पडणार होता, म्हणून मी तो नीट तपासला. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग बघितले. लेन्स उजेडाला धरून बुरशी बघितली. बॅटरीचं झाकण, कार्डाची खाच, एकेक बटण. एकदम ठणठणीत होता. "हाच घ्या," मी म्हणले, "डोळे झाकून घ्या."

तेवढ्यात दुकानदारानं नव्याची जादू काढली. फोटो काढला की आवाज न्हाई, माणसाच्या डोळ्यावर फोकस आपोआप धरतो, अन् वर म्हणला, "साहेब, हिकडं बटण दाबलं की फोटो थेट मोबाईलवर!" सुमेधभाऊजींचे डोळे असे चमकले की मी तिथंच वळखलं, गेलं सगळं. पुनमचा मोबाईल तर फुटका, म्हणून भाऊजींनी आपल्याच मोबाईलला तो जोडून घेतला, तिथंच उभ्या उभ्या, अन् पुनमचा फोटो काढून पुनमलाच दाखवला.

पुनम हळूच म्हणली, "मला वापरलेला चालंल की. ताई म्हणून राहिल्यात ना."

असा संताप आला मला! नवा घेतला तर घेतला, वर चांगुलपणाबी हिचाच? भाऊजी म्हणले, "वहिनी, पहिलाच कॅमेरा हाय तिचा. जुना कशाला?" आमच्या ह्यांनी मान डोलावली. माझाबी एकदा पहिलाच कॅमेरा होता, हे त्या दुकानात कुणालाच आठवलं न्हाई. येताना गाडीत पुनमनं खोकं मांडीवर धरलं होतं अन् मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्यानंतर तिचे फोटो चांगले यायला लागले, अन् मी जिथंतिथं म्हणत सुटले, "मशीनच तसलं हाय. माकडाच्या हातात दिलं तरी येतील." घरात, दुकानात, पाणी भरताना. ऐकून ऐकून सासूबाई एकदा म्हणल्या, "मंग तूच घे ना एकदा तिचा." मी म्हणले, "मला न्हाई पाहिजे कुणाचं."

पाहिजे होता. लई पाहिजे होता.

मंग खुशनुमाचं लग्न आलं. खुशनुमा म्हणजे खतीजाबीची नात, लाडाची. मंगल कार्यालयात मधोमध कनात. पुरुषांच्या बाजूला आमचे हे अन् सुमेधभाऊजी, आत मी अन् पुनम. सकाळीच खतीजाबीनं आम्हा दोघींना जवळ घेऊन सांगितलं, "देखो बेटा, नवरदेवाच्या घरचे लई कडक हायेत. आतली बात आत. मेरी जबान दी हूँ मैं उनको." मी म्हणले, "खाला, फिकीर करू नका."

दुपारी माझ्या बॅटरीनं नेमाप्रमाणं मान टाकली. दुसरी ह्यांच्या पिशवीत होती, म्हणून मी कनातीबाहेर आले. कनातीला लागूनच टेबल होतं, त्यावर आमचं सामान, अन् सुमेधभाऊजींचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. भाऊजी तिकडं स्टेजवर. मोबाईलचा पडदा उजळलेला, अन् त्यावर फोटो येऊन राहिले होते. एकामागं एक. खुशनुमा, डोक्यावर ओढणी न्हाई. तिच्या चुलत्या. तिची सासू, केस मोकळे सोडून, हसून हसून लाल झालेली. पलीकडच्या खुर्च्यांवर नवरदेवाचे दोघं मामा बसलेले, पाठ हिकडं करून.

झडप घालून मोबाईल उचलला अन् पदराखाली धरला. सकाळी भाऊजींनी कुणाला तरी कॅमेऱ्याची मजा दाखवली असणार अन् ते तसंच चालू राहिलं. अन् आत आमची पुनम, कार्ड द्यायचं म्हणजे सगळं दिलं असं समजून, बटण दाबून राहिलेली. तिला काय ठाऊक, कनातीच्या ह्या बाजूला काय चाललंय!

कुणी बघितलं नव्हतं. मी दोन्हीकडं बघून घेतलं. कुणीच न्हाई.

आता ऐका, माझ्या मनात काय आलं ते. हातात मोबाईल होता. आत जायचं, खतीजाबीला बाजूला घ्यायचं अन् दाखवायचं. बस्स. पुनमला परत कुठल्या कनातीत पाऊल टाकता आलं नसतं. नवा कॅमेरा खोक्यात गेला असता. मी बोलले होते ना जुना घ्या, मी बोलले होते ना! सगळ्यांना ऐकावं लागलं असतं. अन् मी खोटं कायबी बोलणार नव्हते, हे तर लईच भारी होतं.

दोन पावलं टाकलीबी. पण कनात सारली अन् समोर खुशनुमा दिसली, मेंदीचे हात पुढं धरून बसलेली. शेजारी तिची नवी सासू. मला कळलं, मी तोंड उघडलं की बोभाटा पुनमचा एकटीचा होणार न्हाई. ह्या पोरीचा होईल, तिच्या सासरच्यांसमोर, लग्नाच्या दिवशीच, अन् खतीजाबीची जबान मातीत जाईल. मी गप्प बसले ती पुनमसाठी न्हाई, हे ध्यानात ठेवा. कोपऱ्यात जाऊन मोबाईलमधले सगळे फोटो पुसले, पुसलेल्यांच्या पेटीतूनबी पुसले, अन् मोबाईल बंद करून कंबरेला खोचला.

पुनमला बाजूला ओढून कानात सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक झाला. कॅमेऱ्याची बटणं उगाच दाबून बघायला लागली. "ताई, आता काय करू? मला न्हाई ठाऊक हे कुठून बंद करतात."

"दे हिकडं," म्हणले. नवा कॅमेरा तिच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला, मोबाईलची जोडणी बंद केली, अन् माझा जुना, पिशवीतून आणलेली बॅटरी घालून, तिच्या गळ्यात अडकवला. "हा घे. ह्याला मोबाईलबिबाईल कळत न्हाई."

वरून दिसायला मी शहाणी थोरली जाऊ. आतून मला गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या. म्हणलं, आता कळू दे हिला. अंधुक पडदा, निघालेलं रबर, अन् डोळा बिळा काय आपोआप धरत न्हाई. तोंडघशी पड जरा. अन् मी नव्यानं असे फोटो काढते की सगळे बघत राहतील.

अगं बया, काय कॅमेरा होता तो! लोण्यासारखा. वळवला की धरला, दाबलं की आला. संध्याकाळपर्यंत मी थांबले न्हाई. एकदा मान वळवून बघितलं तर पुनम खतीजाबीच्या पायाशी जमिनीवर बसलेली, कॅमेरा मांडीवर, गप्पा चाललेल्या. म्हणलं, बस बाई, बस. बसून राहा.

विदाई झाली. दोन्ही कार्डं खतीजाबीच्या हातात दिली. तिनं ती रुमालात बांधून कंबरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. आधी नव्या कॅमेऱ्याचं कार्ड लावून दुपारनंतरचे फोटो उघडले, म्हणजे माझे. सगळे फोटो स्वच्छ, लख्ख, डोळ्यांच्या पापण्या मोजून घ्या. खतीजाबी "अच्छा, अच्छा" म्हणत सुपारी कातरून राहिली. मलाच कसंतरी व्हायला लागलं. सगळ्या बाया कॅमेऱ्याकडं बघून ताठ बसलेल्या, आधारकार्डाला बसल्यासारख्या.

मंग जुन्याचं कार्ड लावून त्यातलेबी दुपारनंतरचे उघडले, म्हणजे पुनमचे. पहिले काही हललेले, काळे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अन् मंग तो फोटो आला.

विदाईच्या आधी खतीजाबीनं खुशनुमाच्या ओढणीत तोंड घालून तिला चोरून बिर्याणीचा घास भरवला होता. पोरगी सकाळपासून उपाशी. अन् त्या ओढणीच्या आत दोघी, आजी अन् नात, गाल फुगवून हसत होत्या, कुणी बघत न्हाई म्हणून. खतीजाबी! आठ वर्सांत तिनं मला एक फोटो काढू दिला न्हाई. कॅमेरा वळवला की पदर तोंडावर, "मेरा नक्को गे." अन् हिथं ती दात नसलेलं तोंड उघडून हसून राहिलेली.

खतीजाबीनं अडकित्ता खाली ठेवला. लई वेळ बघितलं. "साक्षी, ये मैं हूँ?" म्हणली. डोळे पुसले. मंग माझ्या गालावरून हात फिरवला. "तेरा पुरानाच अच्छा है बेटी. मैं बोलतीच थी. नव्यात जान न्हाई."

कॅमेरा माझा म्हणून तिला वाटलं फोटोबी माझाच. मी पुनमकडं बघितलं न्हाई.

तेवढ्यात पुनमनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता फोटो आपला म्हणून सांगती. पण ही म्हणली, "खाला, काल माझ्या हातून चूक झाली. माझ्या कॅमेऱ्यातले फोटो बाहेर ह्यांच्या मोबाईलवर गेले. मला ठाऊक नव्हतं. ताईनं सगळे पुसले, कुणी बघितले न्हाईत. पण कार्ड तुमच्या हातात देताना खोटं दिल्यासारखं वाटून राहिलं होतं मला."

येडी का खुळी ही! कुणाला कळणार होतं? खतीजाबी माझ्याकडं वळली. "किसीने देखा?"

"कुणीच न्हाई, खाला. माझ्या लेकराची शपथ."

तिनं अडकित्ता परत हातात घेतला. मंग पुनमला म्हणली, "नै बताती तो मेरे को मालूम भी नै होता." पुनमनं मान खाली घातली. टपाटपा डोळे गळून राहिले. मी वळखलं, हिचं काम गेलं. मला फक्त गप्प बसायचं होतं. फोटो माझा झाला असता, कनातबी परत माझी एकटीची झाली असती.

पण तो फोटो पडद्यावर तसाच होता. तिनं काढलेल्या फोटोची तारीफ मी माझ्या पदरात घ्यायची? म्हणजे ती माझ्यापेक्षा चांगली हाय, हे मीच मान्य करायचं, तेबी चोरून? तेवढं मला झेपणार नव्हतं. मी रागातच म्हणले, "खाला, हा फोटोबी तिचाच हाय. माझ्या कॅमेऱ्यानं काढलाय, पण तिनं काढलाय. माझे ते मघाचे, नव्यातले."

खतीजाबीनं एकदा मला बघितलं, एकदा तिला. सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तो फिर ऐसा करो," म्हणली, "नवा वाला कनातीत आणायचा न्हाई, कभी नै. अन् जुना हिलाच दे. ये आएगी, जुना लेके."

बास. तिचा शब्द म्हणजे शब्द.

आता नवा कॅमेरा माझा हाय. मांडवात, नामकरणाला, शाळेच्या गॅदरिंगला मी तोच नेते. आमचे हे म्हणतात, "बघ, शेवटी नवा तुलाच मिळाला." सासूबाईंनी तर त्याच्यासाठी कापडाची पिशवी शिवून दिली. लोण्यासारखा चालतो, तक्रार न्हाई. अन् कनातीत पुनम जाती. काल ओसरीवर बसून ती त्या जुन्याच्या मुठीचं निघालेलं रबर डिंकानं चिकटवून राहिली होती, माझ्यासारखंच, अंगठ्यानं दाबून धरून. मी दारात उभी राहून बघत होते. आठ वर्सं ज्याला मी शिव्या घातल्या, त्याच धोंड्यासाठी माझा जीव जळून राहिला होता. मी म्हणले, "जोरात दाबू नको गं, तुटंल तो."

"व्हय ताई," म्हणली.